पांढरें भूछत्र

पांढरें तें निर्मळ अशी आपली जुनी समजूत आहे. दूध, मीठ, चांदणें यांच्या पंक्तीस बसणारी वस्तु अपाय करील असें मनास पटत नाहीं. आज ज्या भूछत्राविषयीं मी सांगणार आहें, त्याच्या बाबतींत मात्र ही समजूत फसवी आहे.

'सायलोसायबी क्युबेन्सिस' हें त्याचें शास्त्रीय नांव. अर्ल नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें क्यूबा बेटांतील नमुन्यांवरून १९०६ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. उष्ण व दमट प्रदेशांत गुरांच्या शेणावर तें उगवतें. मूळ जातीची टोपी सोनेरी तपकिरी, दांडा पांढुरका व बीजाणु गर्द जांभळट असतात. रंगद्रव्य निर्माण करण्याची आनुवंशिक शक्ति बिघडली म्हणजे हीच टोपी हस्तिदंतासारखी फिकट होते. असे प्रकार हौशी लोकांनीं निवडून जोपासले आहेत. त्यांतहि भेद आहे. कांहींची टोपी पांढरी, पण बीजाणु काळसरच. कांहींच्या बीजाणूंचाहि रंग लोपलेला. खरे रंगहीन हे दुसरेच. बाजारी नांवें हा विवेक पाळीत नाहींत.

रंग गेला म्हणून गुण जात नाहीं. या भूछत्रांतील 'सायलोसायबिन' हें द्रव्य टोपीच्या रंगावर अवलंबून नसतें. भूछत्र चिरडलें कीं त्यावर निळा डाग उमटतो तो या द्रव्यामुळेंच, आणि पांढऱ्या अंगावर तो अधिक ठळक दिसतो इतकेंच. एकाच वाफ्यांतील दोन भूछत्रांची तीव्रताहि सारखी नसते. मग रंगावरून ती कशी ओळखावी?

शरीरांत सायलोसायबिनाचें 'सायलोसिन' होतें. मेंदूंत सेरोटोनिन नांवाचें एक निरोप्या द्रव्य असतें. त्याच्याशीं सायलोसिनाची घडण इतकी जुळते कीं, त्याच्या कुलपांस ही परकी किल्ली लागते. सुमारें अर्ध्या तासांत मळमळ सुरू होते, बाहुल्या विस्फारतात, नाडी जलद चालते. भिंती श्वास घेत असल्याचा भास होतो, वेळ लांबतो, मीपणा विरतो. कोणास यांत आनंद वाटतो, कोणास जिवाच्या आकांताची भीति. चारसहा तासांनीं हें ओसरतें. परंतु ज्यांच्या कुळांत वेडाचा विकार आहे, त्यांस तें महागांत पडूं शकतें.

मेक्सिकोंतील माझातेक लोक अशीं भूछत्रें रोगनिवारणाच्या विधींतच, रात्रीं, जाणत्यांच्या देखरेखीखालीं घेत. मारिया साबिना या वैदू स्त्रीच्या विधींत वॉसन हा अमेरिकन पेढीवाला १९५५ सालीं बसला, त्यानें १९५७ सालीं लेख लिहिला, आणि त्या डोंगरी गांवांत मौजेखातर येणाऱ्यांची रीघ लागली. १९५८ सालीं हॉफमन या स्विस रसायनज्ञानें तें द्रव्य वेगळें काढलें. आज विषण्णतेच्या विकारावर त्याचे प्रयोग चालू आहेत, पण ते मोजलेल्या मात्रेचे व वैद्यांच्या नजरेखालचे. भारतांत १९८५ च्या कायद्यानें तें निषिद्ध आहे.

आमच्या शाळेंतील मुलें कोणत्याहि भूछत्रास 'कुत्र्याची छत्री' म्हणून झिडकारीत. त्या तिरस्कारानें पुष्कळांचे प्राण वाचले असावेत! कारण 'अमानिता' कुळांतील कांहीं शुभ्र भूछत्रें प्राणघातक आहेत. त्यांचें विष सहाबारा तास मूग गिळून बसतें. मग वांति व जुलाब होतात, मध्यें एखादा दिवस बरें वाटतें, आणि त्याच वेळीं यकृत नासत असतें. म्हणून अनोळखी भूछत्र कोणाच्या पोटांत गेल्यास लक्षणांची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें, आणि उरलेला तुकडा कागदांत गुंडाळून डॉक्टरांस दाखवावा.