अन्नाची अ‍ॅलर्जी आणि हाताशीं ठेवावयाचें औषध



शेंगदाण्याचें कूट महाराष्ट्रीय स्वयंपाकांतून वजा केलें तर मागें काय उरेल, याचा विचार आपण क्वचितच करतों. एकादशीची साबूदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरलीं वांगीं, ठेचा, लाडू, चिक्की, सगळीकडे तें आहे. आणि पुष्कळदां तें आहे हें वाढणाऱ्यालाहि आठवत नाहीं. ज्या घरांत एखाद्या मुलाला शेंगदाणा सोसत नाहीं, त्या घराला मात्र हा विचार दिवसांतून दहादां करावा लागतो. कोणाला शेंगदाणा, कोणाला काजू किंवा तीळ, कोणाला अंडें, दूध, मासळी अगर कोळंबी. येथें 'सोसत नाहीं' याचा अर्थ पोट बिघडतें किंवा अंगावर चार गांधी उठतात एवढाच नव्हे. कांहीं थोड्या माणसांत त्या पदार्थाचा लहानसा अंश पोटांत गेल्यावर थोड्याच मिनिटांत सारें शरीर त्याच्याविरुद्ध उठतें. घसा सुजतो, दम कोंडतो, रक्तदाब एकदम खालीं येतो. या अवस्थेला वैद्यकांत अ‍ॅनाफिलॅक्सिस असें नांव आहे. तिच्यावर पहिलें औषध एकच, अ‍ॅड्रिनॅलिन. अमेरिकेंत त्यालाच एपिनेफ्रिन म्हणतात. तें घरांत कोणत्या रूपानें ठेवावें आणि कसें मिळवावें, एवढ्यापुरतेंच आजचें माझें बोलणें आहे.

अ‍ॅनाफिलॅक्सिस हा शब्द शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १९०२ सालीं योजिला. समुद्रांतील एका प्राण्याचें विष त्यांनीं कुत्र्यांना अल्प प्रमाणांत टोंचलें. संवयीनें कुत्रीं तें विष पचवूं लागतील अशी त्यांची अपेक्षा होती; उलट कांहीं आठवड्यांनंतर दिलेली दुसरी अल्पशी मात्राच प्राणघातक ठरली. या शोधाबद्दल रिशे यांना १९१३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. गंमत अशी कीं, रोगाला नांव मिळण्यापूर्वींच त्याचें औषध हातीं आलें होतें. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञानें जनावरांच्या मूत्रपिंडावरील ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन शुद्ध स्वरूपांत वेगळें केल्याचें १९०१ सालीं जाहीर केलें होतें. हें द्रव्य आपल्या शरीरांतहि असतेंच. तें सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आंवळतें, श्वासनलिका मोकळ्या करतें, हृदयाला जोर देतें, आणि ज्या पेशींतून हा सारा उत्पात सुरू होतो त्यांनाहि आवर घालतें. एकाच औषधानें इतक्या बाजू सांभाळल्या जाव्या असें वैद्यकांत फार थोड्या ठिकाणीं दिसतें.

आतां वेळेचा हिशेब पाहूं. अशा मृत्यूंची तपासणी करून ब्रिटनमध्यें २००० सालीं जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत अन्नामुळें दगावलेल्या रोग्यांचा श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंत साधारणतः ३० मिनिटें गेलेलीं आढळलीं. गांधीलमाशीसारख्या दंशांत १५. बहुतेक झटके प्राणावर बेतत नाहींत हें खरें. पण कोणता बेतणार हें आरंभीं कोणालाच सांगतां येत नाहीं.

या अर्ध्या तासाचा अर्थ नकाशावर नीट कळतो. जालना जिल्ह्यांतील मंठा हें तालुक्याचें गांव घ्या. शहरांतील पुष्कळ कुटुंबांचें मूळ घर अशाच गांवीं किंवा त्याच्या आसपासच्या खेड्यांत असतें. लग्नकार्याला, दिवाळीला, उन्हाळ्याच्या सुटींत पुण्या-मुंबईचीं आणि छत्रपती संभाजीनगरचीं मुलें तेथें जातात, आणि पंगतींत आजी प्रेमानें जें वाढील तें खातात. मंठ्याहून जालना सुमारे ६० किलोमीटर. गांवांत सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून सुरू आहे. परंतु शेतांतल्या वाड्यापासून मंठ्याचें रुग्णालय गांठावयाचें म्हटलें तरी वाहन मिळणें, वाट, दारावरची विचारपूस यांत तो अर्धा तास सहज सरतो. म्हणून या रोगाचा पहिला उपचार रुग्णालयांत व्हावयाचा नसून जेथें माणूस जेवला तेथेंच व्हावयाचा असतो. शहरांतहि हें तितकेंच खरें. तेथें अंतराचें काम गर्दी करते.

आपल्याकडे अशा प्रसंगीं घरांत सेट्रिझीनची गोळी शोधली जाते, आणि दवाखान्यांत पुष्कळदां अ‍ॅव्हिल व डेक्सामेथासोन यांचीं इंजेक्शनें दिलीं जातात. खाज आणि गांधी यांवर अशा औषधांचा उपयोग होतो यांत शंका नाहीं. पण गोळीचा गुण यावयास बराच वेळ लागतो, डेक्सामेथासोनला तर कित्येक तास. आणि बंद होणारा घसा किंवा ढासळणारा रक्तदाब वेळेवर सांवरण्याचें सामर्थ्य त्यांपैकीं एकांतहि नाहीं. तीं मागाहून द्यावीं. अ‍ॅड्रिनॅलिनविषयीं मात्र एक विनाकारण भीति पसरलेली आहे कीं, हें हृदय थांबल्यावर द्यावयाचें शेवटचें औषध. मांडीच्या स्नायूंत योग्य मात्रेनें दिलें असतां थोडा वेळ छाती धडधडणें, हात कांपणें, चेहरा पांढरा पडणें यांपलीकडे सहसा कांहीं होत नाहीं. धोका आहे तो शिरेंत देण्यांत, आणि तें काम रुग्णालयाचें आहे, घरचें नव्हे.

परदेशांतील घरांत यासाठीं जें साधन असतें तें म्हणजे ऑटो-इंजेक्टर. एपिपेन या नांवानें तें अधिक ओळखीचें आहे. त्याचा उगम रणांगणावरच्या गरजेंतून झाला. विषारी वायूचा मारा झाला असतां शिपायाला स्वतःच्याच मांडींत उतारा टोंचून घेतां यावा म्हणून शेल्डन कॅप्लन या अमेरिकन इंजिनियरानें स्प्रिंगवर चालणारें जें साधन सिद्ध केलें, त्यावरून हें निघालें, आणि १९८७ सालीं अमेरिकेच्या सरकारी खात्यानें त्याला मान्यता दिली. आकार जाड पेनाएवढा. आंत एकच मात्रा मोजून भरलेली. निळें टोपण काढावयाचें, नारिंगी टोंक मांडीच्या मध्यावर बाहेरच्या अंगास जोरानें दाबावयाचें, खटका ऐकूं आला कीं तीन सेकंद तसेंच धरावयाचें. कपड्यावरूनहि सुई जाते. अंगठा मात्र कोणत्याहि टोंकावर ठेवूं नये. पेन उलटें धरून स्वतःच्याच अंगठ्यांत सुई टोंचून घेणारीं माणसें थोडीं नाहींत. एपिपेन दोन मात्रांत येतें: साधारण ३० किलो वजनापासून पुढें ०.३ मिलिग्रॅम, आणि १५ ते ३० किलोच्या मुलाला ०.१५.

घाबरलेल्या हातांसाठीं याहून सोपें इंजेक्शन नाहीं. पण त्याची किंमत सोपी नव्हे. अमेरिकेंत २०१६ सालीं दोन पेनांच्या जोडीला ६०० डॉलरांहून अधिक पडत, आणि त्यावरून तेथें मोठा गहजब झाला. शिवाय वर्ष-दीड वर्षांत मुदत संपते. मंठ्यासारख्या गांवच्या औषधाच्या दुकानांत तें मिळेल अशी अपेक्षाच धरूं नये. ज्यांचे आप्त परदेशांत आहेत त्यांना मात्र वाट मोकळी आहे. आपल्या १९४५ च्या औषध नियमांपैकीं ३६ व्या नियमाप्रमाणें प्रवाशाला स्वतःच्या उपयोगापुरतें औषध, शंभर सरासरी मात्रांच्या आंत, आपल्या सामानांत आणतां येतें. टपालानें मागवावयाचें तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून '१२-अ' या नमुन्यांत केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे अर्ज करावा लागतो, आणि '१२-ब' हा परवाना मिळाल्यावरच औषध येतें. मुलासाठीं काका लंडनहून पेन आणणार असतील तर तें मुलाच्या नांवें नसून काकांच्या सामानांत आहे, ही अडचण लक्षांत घ्यावी. नियमाचे शब्द प्रवाशापुरते आहेत. म्हणून मूल बरोबर नसेल तर परवान्याचा मार्ग सुरक्षित. अलीकडे, २०२४ सालीं, अमेरिकेंत नाकांत फवारावयाचें अ‍ॅड्रिनॅलिनहि मान्य झालें. सुईला भिणाऱ्यांची त्यानें सोय झाली.

दुसरा मार्ग गरिबाचा म्हणून हिणवला जातो, तो मला अन्यायाचा वाटतो. अ‍ॅड्रिनॅलिनची कांचेची कुपी, एक मिलिलिटरची, एक मिलिग्रॅम औषधाची, आपल्या देशाच्या आवश्यक औषधांच्या यादींत आहे आणि थोड्या रुपयांत मिळते. लसीकरणाच्या सत्राला खेड्यांत जाणाऱ्या परिचारिकेच्या पेटींत हीच कुपी असते, आणि लशीनंतर असा झटका आल्यास डॉक्टरांची वाट न पाहतां पहिली मात्रा देण्याची तिला मुभा आहे. म्हणजे औषध मंठ्याला परकें नाहीं. घरांत ठेवावयास डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी, आणि दुकानांत नसेल तर दुकानदाराला जालन्याहून मागवावयास सांगावें.

या मार्गाचा दोष मात्र लपवूं नये. कॅनडांत २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आईबापांना कुपी फोडून तान्ह्या मुलापुरती मात्रा सिरिंजमध्यें घ्यावयास सांगितलें. त्यांना सरासरी १४२ सेकंद लागले. अपघात-विभागांतील परिचारिकांना २९. त्याहून वाईट म्हणजे, आईबापांनीं भरलेल्या सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या मात्रेंत सुमारे चाळीस पटींचा फरक निघाला. तेव्हां कुपी ठेवणाऱ्या घरानें सराव केलाच पाहिजे. इंजेक्शनच्या पाण्याच्या कुप्या स्वस्त मिळतात. घरांतल्या दोघां-तिघांनीं डॉक्टरांच्या देखत त्या फोडून, मात्रा भरून, संत्र्यांत टोंचून पाहाव्या. सिरिंज एक मिलिलिटरची आणि सुई वेगळी, एक इंच लांबीची असावी. मधुमेह्यांच्या सिरिंजला जोडलेली सुई फार आंखूड असते; तिनें औषध कातडीखालींच राहतें, स्नायूंत उतरत नाहीं. मात्रा वजनावर ठरते, दर किलोस ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलास ०.२ मिलिलिटर, आणि प्रौढास फार तर अर्धा. आपल्या मुलाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेऊन ती मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहावी, आणि सिरिंजवर त्या रेघेशीं पक्क्या शाईची खूण करावी. आधींच भरून ठेवलेली सिरिंज कांहीं डॉक्टर देतात. सोय मोठी आहे, पण तिच्यावर दोन-तीन महिन्यांपलीकडे विसंबूं नये.

पेन असो कीं कुपी, दोन मात्रा बरोबर असाव्या, आणि त्या मुलाच्याच पिशवींत असाव्या. आईच्या कपाटांतलें औषध शाळेच्या डब्याला उपयोगीं पडत नाहीं. मराठवाड्याचा वैशाख हा या औषधाचा वैरी आहे. पारा चाळिशीच्या वर जातो, आणि उन्हांत उभ्या मोटारींत त्याहूनहि फार वर. प्रकाश आणि उष्णता यांनीं औषध निर्बळ होतें. इन्सुलिनसाठीं मिळते तशी थंड पिशवी वापरावी. बर्फाला मात्र लावूं नये. महिन्यांतून एकदां उजेडांत धरून पाहावें. द्रव गुलाबी किंवा तपकिरी झाला असेल तर टाकून द्यावा.

टोंचावयाचें केव्हां, या प्रश्नावर घरांत आधींच एकमत करून ठेवावें. नुसत्या गांधी उठल्या तर लक्ष ठेवावें. पण आवाज बसणें, घशांत आवळल्यासारखें होणें, छातींत घरघर, घेरी, अंग गळून जाणें, किंवा वर्ज्य पदार्थ खाल्ल्यावर गांधींबरोबर पुन्हां पुन्हां ओकाऱ्या यांपैकीं कांहीं दिसलें कीं थांबूं नये. दहांतील एक-दोन रोग्यांच्या अंगावर गांधी उठतच नाहींत, हेंहि ध्यानांत असावें. आधीं औषध टोंचावें, मग १०८ ला फोन. रोग्याला आडवा निजवून पाय उंच करावे. दम लागत असेल तर बसवावें, पण उभें करूं नये, आणि गाडीपर्यंत चालवीत तर नेऊंच नये, कारण एकाएकीं उठून उभें राहिल्यानेंच प्राण गेल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. पांच ते पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास दुसरी मात्रा द्यावी.

रिकामें पेन किंवा फोडलेली कुपी आणि टोंचल्याची वेळ लिहिलेला कागद रुग्णालयांत डॉक्टरांच्या हातीं द्यावा. बरें वाटूं लागलें तरी कांहीं तास, आणि झटका जोराचा असल्यास रात्रभर, तेथेंच राहावें. ओसरलेला झटका कधीं कधीं पुन्हां उलटतो. आणि घरीं परततांना, वापरलेल्या औषधाच्या जागीं नवें औषध पिशवींत पडल्यावांचून निघूं नये.