औषध गाठीपाशीच मुक्कामाला

स्तनाच्या कर्करोगावर शिरेतून दिले जाणारे केमोथेरपीचे औषध रक्ताबरोबर सर्वांगात फिरते. त्यामुळे गाठीच्या वाट्याला त्याचा थोडाच अंश येतो आणि उरलेल्याची झळ केसांची मुळे, अस्थिमज्जा आणि डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाच्या बाबतीत हृदयाच्या स्नायूंनाही लागते. औषध गाठीपाशीच रोखून सावकाश सोडता यावे, यासाठी सुईने टोचता येणाऱ्या हायड्रोजेलवर, म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या लांब रेणूंच्या जाळीवर, जगभर संशोधन चालू आहे. धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र संस्थेतही औषधवाहकांचा अभ्यास होतो.

पोलोक्झामर ४०७ हे अशा जेलचे बोलके उदाहरण. त्याच्या रेणूची दोन्ही टोके पाण्यात रमतात, मधला भाग मात्र ऊब मिळताच पाणी टाळू लागतो. म्हणून त्याचे सुमारे २० टक्क्यांचे द्रावण फ्रिजमध्ये पातळ राहते आणि शरीरात शिरताच रेणूंचे सूक्ष्म गोळे एकमेकांना खेटून ते घट्ट होते. असा नुसता जेल शरीरद्रवांत लवकर विरघळतो. त्याला टिकाऊपणा यावा म्हणून कोळंबीच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानसारख्या पदार्थांची जोड देऊन पाहिली जाते.

गाठीभोवती टोचलेल्या औषधाने फरक पडतो, याचा पुरावा भारतातच मिळाला. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखाली देशातील ११ केंद्रांत झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी ७ ते १० मिनिटे गाठीभोवती लिडोकेन हे साधे भूल देणारे औषध टोचण्यात आले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या स्त्रियांचे प्रमाण लिडोकेन न दिलेल्या गटात ८२.६ टक्के, तर दिलेल्या गटात ८६.६ टक्के होते. या प्रयोगात जेल नव्हता आणि लिडोकेनचे कार्यही केमोथेरपीपेक्षा वेगळे आहे. तरी स्थानिक उपचाराचा लाभ गाठीपुरताच राहतो, ही समजूत त्याने सैल केली.

मूत्रमार्गाच्या वरच्या भागातील एका कर्करोगासाठी मायटोमायसिनयुक्त, उष्णतेने घट्ट होणाऱ्या जेलला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली. स्तनाच्या कर्करोगावरील औषधी जेल मात्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेत आणि उंदरांवरील चाचण्यांतच आहेत. ते उद्या यशस्वी झाले तरी दूरच्या अवयवांत पसरलेल्या पेशींसाठी शिरेतूनच औषध द्यावे लागेल. म्हणूनच जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतील स्त्रीची गाठ लहान असतानाच तपासली जाणे, ही या तंत्राचा लाभ तिच्यापर्यंत पोहोचण्याची पहिली अट ठरते.