औषधांची बेरीज

द्राक्षवाल्याला दिवाळीची सुट्टी नसते. नाशिककडच्या बागांत तोवर गोडी छाटणी होऊन गेलेली असते, डोळे फुटून पोंगे बाहेर आलेले असतात आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. आभाळ भरून आलं की डाऊनी रोगाची धास्ती, उघडीप मिळाली की भुरीची. घरात चकल्या तळल्या जात असताना बाहेर ट्रॅक्टरला ब्लोअर जोडलेला असतो. निर्यातीची बाग असली तर फवारणी झाली की वही उघडायची: तारीख, औषधाचं नाव, लिटरला किती, एकरी पाणी किती, रोग कोणता, काढणीआधी किती दिवस सोडायचे. मराठी शेतकरी कीटकनाशकाला आणि बुरशीनाशकाला सरसकट ‘औषध’ म्हणतो. मला हा शब्द खटकत नाही. बाग आजारी पडू नये म्हणून जे देतो ते त्याच्या लेखी औषधच असतं. त्या वहीतली एकेक ओळ कायद्यात बसणारी असते. पानाच्या तळाशी बेरीज मात्र कुणी करत नाही, कारण ती कुणी मागितलेलीच नाही.

वही मागतो तो युरोपातला ग्राहक. त्याच्या ताटातल्या मण्यावर कोणत्या औषधाचा किती अंश उरला, हे प्रयोगशाळेत मोजलं जातं. पण हंगामभर जे फवारलं, ते बांधावरच्या मधमाशीला, मातीतल्या गांडुळाला, खालच्या ओढ्यातल्या किड्यांना एकत्रित किती पोहोचलं? खुद्द युरोपातले शास्त्रज्ञ आता आपल्या सरकारांना हाच प्रश्न विचारत आहेत. तिथला एकत्रित परिणामांचा विचार कुठवर आला आहे, ते इथे पाहायचं आहे.

आधी परवाना कसा मिळतो ते पाहू. युरोपात कंपनीला एकेका रसायनाची परीक्षा द्यावी लागते. पाण्यातला डाफ्निया नावाचा बारीक जीव, शेवाळ, ट्राउट मासा, गांडूळ, मधमाशी, एखादा पक्षी यांना ते रसायन वेगवेगळ्या मात्रेत देतात. निम्मे प्राणी मरतात ती मात्रा काढतात. मग शेतातून ओढ्यात किती जाईल याचा अंदाज बांधतात आणि दोन्ही आकड्यांत सुरक्षित अंतर ठेवतात. मासे आणि डाफ्नियासाठी तात्काळ विषबाधेत हे अंतर शंभरपट, दीर्घ संपर्कात दहापट. परीक्षा कडक आहे, ती देणारा प्रामाणिक असेल तर उपयोगीही आहे. तिचं गृहीतक मात्र असं, की त्या ओढ्यात त्या दिवशी फक्त हेच एक रसायन आहे.

आता साधं गणित करू. ओढ्यात तीन कीटकनाशकं आहेत आणि तिन्ही मज्जासंस्थेवर एकाच पद्धतीने काम करणारी आहेत. पहिलं आपल्या मर्यादेच्या निम्मं, दुसरं चार दशांश, तिसरं तीन दशांश. वेगवेगळं तपासा, तिन्ही पास. एकत्र धरा, बेरीज एक पूर्णांक दोन दशांश, म्हणजे मर्यादा ओलांडली. सारख्या वाटेने काम करणाऱ्या विषांची अशी बेरीज धरावी, हा विचार औषधशास्त्रज्ञ लोव यांनी 1926 सालीच मांडला होता. 2002 मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी इस्ट्रोजेनसारखं दुबळं काम करणारी आठ रसायनं घेतली. प्रत्येकाची मात्रा इतकी कमी, की एकट्याने काही परिणाम दिसू नये. आठही एकत्र दिली तेव्हा परिणाम स्पष्ट दिसला. शोधनिबंधाच्या शीर्षकाचा आशयच होता, ‘शून्यातून काहीतरी’. ती शून्यं खरी शून्यं नव्हती, मोजता न येण्याइतके छोटे आकडे होते.

बेरजेने भागतं तिथवर ठीक. काही जोड्यांत गुणाकार होतो. भुरीसाठी आपण हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल वापरतो, ही ‘अ‍ॅझोल’ घराण्यातली बुरशीनाशकं. बुरशीच्या शरीरातलं एक एन्झाइम ती बंद पाडतात. त्याच कुळातली एन्झाइमं मधमाशीच्याही शरीरात असतात आणि पोटात गेलेलं विष मोडून टाकण्याचं काम त्यांचं. माशीने आधी बुरशीनाशक लागलेला परागकण आणला आणि मागून कीटकनाशक लागलेला मकरंद चोखला, तर तिच्या शरीरातल्या मोरीचं तोंड बुजल्यासारखं होतं, विष साचत जातं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका अ‍ॅझोलसोबत दिल्यावर अ‍ॅसिटामिप्रिडचा मधमाशीवरचा घातकपणा शंभरपटीहून अधिक वाढला. त्या कीटकनाशकाच्याच घराण्यातल्या इमिडाक्लोप्रिडचा मात्र जेमतेम दुप्पट झाला. म्हणून सरसकट नियम लावून चालत नाही, जोडी पाहावी लागते. तपासणीत बुरशीनाशक मधमाशीला निरुपद्रवी म्हणून पास झालेलं असतं आणि एकटं असताना ते तसं असतंही.

मग क्रमाचा मुद्दा येतो. गोड्या पाण्यातल्या एका झिंग्यासारख्या जीवावर युरोपात प्रयोग झाले. तीच दोन रसायनं, तीच मात्रा, फक्त आधी कोणतं आणि मागाहून कोणतं हे बदललं, तर मरणाऱ्यांची संख्या बदलली. पहिल्या विषातून शरीर सावरायच्या आत दुसरं आलं की ते जास्त लागतं. फवारणीच्या वहीतली तारीख म्हणजे निव्वळ नोंद नाही, परिणामाचा भागच आहे.

काळाची बेरीज सर्वांत ठळक दिसते ती तांब्यात, आणि इथे युरोपचा द्राक्षमळा थेट आपल्या बागेला येऊन मिळतो. 1882 च्या सुमारास फ्रान्सच्या बोर्डो भागात फिरताना वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांना दिसलं, की सगळ्या मळ्यांत डाऊनीने पानं गळाली आहेत, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार आहेत. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून मालकाने त्या ओळींवर मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, आणि चुना शिंपडला होता. त्यातून बोर्डो मिश्रण आलं. ते आजही नाशिकच्या बागांत आहे आणि पावसाळ्यात कोळेरोगापासून सुपारी वाचवायला कोकणात आणि गोव्यात झाडांच्या शेंड्यांवर फवारलं जातं. सेंद्रिय शेतीतही ते चालतं. पण तांबं हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, मोडत नाही, जिथे पडलं तिथे राहतं. युरोपच्या मातीच्या पाहणीत सर्वसाधारण जमिनीत किलोमागे सरासरी सुमारे 17 मिलिग्रॅम तांबं आढळलं, द्राक्षमळ्यांच्या जमिनीत 49. ही पणजोबांपासूनची साठवण. म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून हेक्टरी सात वर्षांत मिळून 28 किलोची मर्यादा घातली. मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. इथे मर्यादा एका फवारणीवर न घालता जमिनीच्या खात्यावर घातली आहे. खातं मांडता येतं, हे त्याने सिद्ध केलं.

आणखी एक वाट आहे, ती कुठल्याच विषाच्या चाचणीत सापडणार नाही. इंग्लंडमधला ग्रे पार्ट्रिज, आपल्या तितराचा भाऊबंद, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झपाट्याने कमी होत गेला. पक्षी-अभ्यासक डिक पॉट्स यांनी ससेक्सच्या शेतांत 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं पिल्लं मोजली, त्यांचं खाणं तपासलं. मोठा पक्षी दाणे-पानं खातो, पण अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिले दोन आठवडे किडे लागतात. ते किडे गव्हातल्या तणांवर राहतात. तणनाशक आलं, तण गेलं, किडे गेले, पिल्लं उपाशी मेली. तणनाशकाचा एक थेंबही पक्ष्याला विषारी नव्हता. पुढे शेताच्या कडेच्या पट्ट्यात फवारणी कमी केली, तिथे पिल्लं पुन्हा जगू लागली. धुऱ्यावरचं गवत जाळण्याआधी आणि बांधावर तणनाशक मारण्याआधी ही हकीकत आठवावी असं मनापासून वाटतं.

प्रयोगशाळेतून शेतात आलं की चित्र आणखी दाट होतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात युरोपातल्या अकरा देशांतल्या शेतमातीचे 317 नमुने तपासले गेले. 83 टक्के नमुन्यांत किमान एक अवशेष सापडला, 58 टक्क्यांत एकाहून अधिक. जर्मनीत तर वेगळीच युक्ती झाली. क्रेफेल्डच्या हौशी कीटक अभ्यासकांनी राखीव निसर्गक्षेत्रांत वर्षानुवर्षं तंबूसारखे जाळीचे सापळे लावले होते. उडता किडा जाळीला अडतो, उजेडाकडे वर चढतो आणि टोकाच्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. 27 वर्षांत या बाटल्यांतल्या किड्यांचं वजन पाऊणपटीहून जास्त घटल्याचं 2017 मध्ये जाहीर झालं आणि जगभर खळबळ उडाली. या घटीला कीटकनाशकंच जबाबदार, असं त्या अभ्यासाने म्हटलं नव्हतं. मात्र 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशाच 21 राखीव क्षेत्रांतल्या सापळ्यांतलं अल्कोहोल तपासण्यात आलं. किड्यांच्या अंगावरचं आणि अंगातलं रसायन त्यात उतरलेलं होतं. एकूण 47 कीटकनाशकं-तणनाशकं-बुरशीनाशकं निघाली, एका नमुन्यात सरासरी 16 हून अधिक. हे किडे शेतातले नव्हते, अभयारण्यातले होते.

मोजणी कधी करायची, यावरही उत्तर ठरतं. जर्मनीतल्याच छोट्या ओढ्यांच्या पाहणीत पाणी चढलं की आपोआप नमुना घेणारी यंत्रं बसवली गेली. ठरावीक तारखेला बाटली भरून आणण्याच्या सरकारी पद्धतीत जे दिसत नव्हतं, ते पावसानंतरच्या पाण्यात दिसलं. फवारलेलं रसायन पहिल्या लोंढ्यासोबत येतं आणि एकदोन दिवसांत पुढे निघून जातं. तेवढ्यात ओढ्यातले किडे मेलेले असतात.

या सगळ्याचा सूर 2017 मध्ये इयन बॉइड आणि अ‍ॅलिस मिल्नर यांनी ‘सायन्स’मध्ये लावला. बॉइड तेव्हा ब्रिटनच्या पर्यावरण आणि शेती खात्याचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार होते, म्हणजे हा आवाज आंदोलकाचा नव्हता. त्यांचं म्हणणं असं: माणसाच्या औषधाला परवाना मिळाल्यावरही त्याच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारी यंत्रणा असते. शेतीतल्या औषधाला ती जवळपास नाही. एका शेतात चालणारं रसायन संपूर्ण मुलखात एकाच वेळी वापरलं तर काय होईल, हे तपासल्याशिवाय आपण ते सुरक्षित मानतो, आणि एका परिसरात एकूण किती वापरावं याला मर्यादाच नाही.

कायदा काय म्हणतो? युरोपचा 2009 चा नियम एकत्रित आणि परस्परवर्धक परिणाम लक्षात घ्यायला सांगतो, पण मान्य शास्त्रीय पद्धती उपलब्ध असतील तिथेच. त्या ‘तिथेच’मध्ये पंधरा वर्षं अडकून पडली. माणसाच्या आहारापुरती पहिली एकत्रित मूल्यमापनं युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने 2020 मध्ये काढली. निसर्गासाठीचं काम मागेच राहिलं.

यावर आक्षेप येतो की सगळ्या मिश्रणांची परीक्षा घेणं अशक्य आहे. खरं आहे. दहा रसायनांची दोन किंवा जास्त मिळून 1,013 मिश्रणं होतात. पण प्रत्यक्ष पाण्यात बहुतेकदा दोन-तीन रसायनंच विषारीपणाचा मोठा वाटा उचलतात, ती आधी शोधावीत. आणि किलो मोजणं सोडावं. डेन्मार्कने 2013 पासून कीटकनाशकांवरचा कर किमतीऐवजी त्यांच्या पर्यावरणावरच्या भारानुसार लावला. असा भार मोजणं का गरजेचं, हे 2021 च्या अमेरिकी आकडेमोडीने दाखवलं. तिथल्या शेतांवर 1992 ते 2016 या काळात पडलेल्या विषाचा सस्तन प्राण्यांवरचा भार उतरला, परागीकरण करणाऱ्या किड्यांवरचा आणि पाण्यातल्या अपृष्ठवंशीयांवरचा चढला. नवी औषधं ग्रॅममध्ये लागतात, त्यामुळे किलोचा आकडा खाली जातो आणि मधमाशीच्या वाट्याचं विष वाढतं.

आपल्याकडे 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसं मेली, त्यातून पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. तो विषबाधेच्या भीतीतून जन्मलेला आहे आणि नोंदणी त्यातही एकेका उत्पादनाची. 2017 च्या खरिपात यवतमाळमध्ये डोक्यावर गेलेल्या कपाशीत फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. पाठीवरच्या पंपात एकाच वेळी दोन-तीन औषधं मिसळलेली असत. मजुरी एका फेरीची परवडते, दोनची नाही, हे त्यामागचं साधं कारण. माणूस मेला म्हणून ते मिश्रण बातमीत आलं. त्या शिवारातल्या किड्यामुंग्यांनाही तेच मिश्रण मिळालं होतं.

डिसेंबर 2022 मध्ये कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता करारावर भारतही सहमत झाला. त्याच्या सातव्या उद्दिष्टात 2030 पर्यंत कीटकनाशकांचा एकूण धोका निम्म्यावर आणायचा आहे आणि प्रदूषण घटवताना एकत्रित परिणाम लक्षात घ्यायचे, असंही लिहिलेलं आहे. ते मोजायला महाराष्ट्राकडे दोन गोष्टी तयार आहेत. गावोगावी आखलेले पाणलोट आहेत आणि निर्यातीच्या हजारो बागांच्या तारीखवार वह्या आहेत. कंटेनर बंदरावर गेला की त्या वह्या फडताळात जातात. एका पाणलोटातल्या शंभर वह्या एकत्र मांडाव्यात, दर औषधाचा मधमाशीवरचा आणि पाण्यातल्या जीवांवरचा भार लावून बेरीज करावी. आणि त्याच पाणलोटाच्या ओढ्यावर, परतीच्या पावसाच्या पहिल्या लोंढ्याला, पाणी गढूळ असतानाच बाटली भरावी.