हिरवळीची तहान

तुमच्या शाळेसमोर हिरवळीचा एखादा तुकडा आहे का? असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तो जवळून पाहा. मध्येमध्ये टक्कल पडल्यासारखी जमीन दिसते. गवत पिवळे पडलेले असते. शिपाईमामा रोज नळी धरून पाणी घालतात, तरी गवत सुधारत नाही. सगळे म्हणतात, "पाणी कमी पडते." खरेच तसे असते का?

पाणी घातल्यानंतर एक लोखंडी सळई जमिनीत खुपसा. दोन बोटे जाऊन ती अडली, तर दुखणे पाण्याचे नाही, जमिनीचे आहे. इमारत बांधताना उरलेला मुरूम, विटांचे तुकडे, चुना असे बरेच काही अंगणातच पसरले जाते. त्यावर थोडी माती टाकून गवत लावतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी ती माती दगडासारखी घट्ट होते. मग मुळे खाली जात नाहीत आणि पाणीही मुरत नाही. ते वरच राहते व उन्हाने उडून जाते.

आता थोडा हिशेब करू. घाबरू नका, तो सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी सारखे पसरले, तर त्याची उंची एक मिलिमीटर होते. समजा, हिरवळ १०० चौरस मीटर आहे आणि तिला रोज ३०० लिटर पाणी मिळते. म्हणजे रोज फक्त तीन मिलिमीटर! आठवड्याला २१०० लिटर पाणी खर्च होते आणि मुळे मात्र तहानलेलीच राहतात. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरपुढे घागरींची रांग लागते, तिथे हे कसे चालेल?

म्हणून आधी जमीन सुधारायची. हे काम पावसाळ्याच्या सुरुवातीला करावे. पहिल्या पावसाने जमीन मऊ झाली, की पहारीने वीत-वीत अंतरावर खोल भोके पाडा. दगड-विटा वेचून काढा. चांगले कुजलेले शेणखत आणि माती चाळून एकत्र करा. हे मिश्रण भोकांत भरा व वर पातळ थर पसरा. शेणखत ओलावा धरून ठेवते. शिवाय त्यामुळे गांडुळे येतात आणि पुढची मशागत तीच करतात. काही लोक घाईने युरिया टाकतात. त्याने गवत लवकर हिरवे होते खरे, पण पाणी जास्त मागते. कोरड्या जमिनीत तर ते जळूनही जाते.

टक्कल पडलेल्या जागी हरळी लावा. उर्दूत हिला दूब म्हणतात. शेतकरी हिच्यावर वैतागतात, कारण शेतात शिरलेली हरळी निघता निघत नाही. हा हट्टीपणा इथे आपल्या कामाचा आहे! तिच्या प्रत्येक पेऱ्याला मुळे फुटतात, म्हणून नुसते तुकडे लावले तरी पुरतात. मात्र तिला ऊन हवे. दाट झाडाखाली तिचा नाद सोडा. तिथे वाळलेली पाने पसरलेली बरी.

पावसाळा संपला, की रोज थोडे थोडे पाणी देऊ नका. आठवड्यातून एकदा, पहाटे, १२०० लिटर द्या. अर्धे आधी आणि अर्धे तासाभराने द्या, म्हणजे ते वाहून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सळई खुपसून पाहा. ती आता किती खोल जाते? पाणी खोल गेले, की त्याच्या मागे मुळेही जातात. पिण्याच्या नळांखाली सांडणारे पाणी चर काढून इकडे वळवता आले, तर टाकीतले पाणी आणखी वाचेल. गवत चार-पाच सेंटीमीटरपेक्षा कमी कापू नका. उंच गवताची सावली जमिनीवर पडते. कापलेले बारीक गवत तिथेच राहू द्या. कचरा वाटला, तरी ते खतच आहे.

आणि मे महिन्यात पाणीच नसेल तर? मग हिरवळीला पाणी देऊ नका. आधी माणसे आणि जनावरे, मग हिरवळ. ती तपकिरी होईल. पाहुणे नाके मुरडतील, मुरडू द्या. चांगली रुजलेली हरळी मरत नाही. वरची पाती वाळली, तरी जमिनीखालची खोडे जिवंत असतात. तेवढे दिवस तिच्यावर खेळू नका. जूनमध्ये चांगला पाऊस झाला, की आठवडाभराने खाली वाकून पाहा. वाळक्या पात्यांमधून सुईएवढे हिरवे कोंब वर आलेले दिसतील.