नवीकरणीय ऊर्जा, सावित्री खोऱ्यातील

नवीकरणीय ऊर्जा, सावित्री खोऱ्यातील : सूर्यप्रकाश, वाहते पाणी, वारा व जैव पदार्थ या निसर्गक्रमाने पुन:पुन्हा उपलब्ध होणाऱ्या उद्गमांपासून मिळणाऱ्या ऊर्जेस नवीकरणीय ऊर्जा म्हणतात. दगडी कोळसा व खनिज तेल यांचे साठे मर्यादित असून त्यांच्या ज्वलनाने वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण वाढते. या इंधनांकडून नवीकरणीय उद्गमांकडे वळण्याच्या प्रक्रियेस ऊर्जा-संक्रमण अशी संज्ञा आहे. हे संक्रमण सर्वत्र एकाच प्रकारे घडू शकत नाही. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके याचे बोधक उदाहरण होत. येथे पाऊस चार महिन्यांत कोसळतो व स्वच्छ ऊन उरलेल्या आठ महिन्यांत मिळते. त्यामुळे कोणत्याही एका उद्गमावर विसंबून चालत नाही.

निसर्ग व निकड : सावित्री नदी महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावते व सह्याद्रीवरून पश्चिमेस उतरून पोलादपूर, महाड या गावांवरून बाणकोटच्या खाडीस मिळते. या भागात वर्षास ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई इ. गावांवर दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडीखाली ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्याच वेळी महाड शहर पुराने वेढले जाऊन वीजपुरवठा व दूरध्वनी संपर्क तुटला. तीव्र उतार, झिजलेल्या खडकावरील मातीचे थर व पाण्याच्या निचऱ्यातील अडथळे अशी दरडींची अनेक कारणे असतात. त्यामुळे एखादी दुर्घटना केवळ हवामानबदलामुळे झाली, असे म्हणता येत नाही. तथापि हवेचे तापमान १° से.ने वाढले असता तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सु. ७ टक्क्यांनी वाढते व अतिवृष्टीचा संभव बळावतो. जगातील इंधनज्वलनात या खोऱ्याचा वाटा नगण्य असला, तरी परिणामांचा भार त्यास सोसावा लागतो.

जलविद्युत् : महाबळेश्वरच्याच पठारावर उगम पावणारी कोयना नदी देशाकडे वळते. तिचे पाणी अडवून बोगद्यांतून कोकणात पोफळी येथे सु. ४७५ मी. खाली सोडण्यात येते. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या एक घ.मी. पाण्यापासून सु. १.१ किलोवॉट-तास (युनिट) वीज मिळते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता सु. १,९६० मेगॅवॉट आहे. रायगड जिल्ह्यातील भिरा येथील केंद्र मुळशी जलाशयाच्या पाण्यावर १९२७ पासून चालते. सावित्रीचा उतार मोठा असला, तरी पाणी साठविण्याजोगी रुंद खोरी तिच्या वरच्या भागात फारशी नाहीत. ओढ्यांवर लघुकेंद्रे उभारल्यास ती मुख्यतः पावसाळ्यातच चालतील. शिवाय जलाशयाखाली जमिनी जातात. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१–२४ या काळात झालेला सत्याग्रह याची साक्ष देतो. नवीकरणीय ऊर्जा स्थानिकांच्या दृष्टीने आपोआपच न्याय्य ठरत नाही.

सौर व वायुऊर्जा : एक किलोवॉट क्षमतेच्या सौर पट्टिकांपासून वर्षभराच्या सरासरीने दिवसास सु. ४ युनिट वीज मिळते. जुलै-ऑगस्टमधील दाट ढगांत हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. घरांच्या छपरांवर पट्टिका बसविण्यास केंद्र शासनाच्या २०२४ मधील ‘पीएम सूर्य घर’ योजनेखाली अनुदान मिळते. मात्र ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने छपरांची जी हानी केली, ती पाहता येथे पट्टिकांचे सांगाडे विशेष भक्कम हवेत. वाऱ्याचे ऋतुमान याच्या उलट असते. सह्याद्रीच्या माथ्यावर, उदा., सातारा जिल्ह्यातील वनकुसवडेच्या पठारावर, नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पवनचक्क्यांचे उत्पादन सर्वाधिक असते. ऊन मंदावते तेव्हा वारा व पाणी विपुल असतात. महाडचे खोरे स्वतः पवनचक्क्यांस सोयीचे नसले, तरी जोडलेल्या विद्युत् जाळ्यामुळे पठारावरील वीज त्यास उपयोगी पडते.

जैव ऊर्जा : पारंपरिक चुलीत लाकडातील ऊर्जेपैकी सु. दहा टक्केच भांड्यापर्यंत पोचते. रायगडातील अनेक कातकरी कुटुंबे कोळसा पाडण्याच्या मजुरीवर जगत आली आहेत. मातीच्या भट्टीत एक किग्रॅ. कोळशासाठी सु. पाच ते सहा किग्रॅ. लाकूड लागते. झाडांची मुळे उतारावरची माती धरून ठेवतात. म्हणून इंधनाचा प्रश्न येथे दरडींच्या प्रश्नाशी निगडित आहे. दोन घ.मी.च्या गोबर वायू संयंत्रास रोज सु. ५० किग्रॅ. शेण लागते व त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. पण गुरे रानात चरत असल्यास तेवढे शेण गोठ्यात जमत नाही. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेतील गॅस हे खनिज इंधन होय. तरीही धूर व लाकूडतोड कमी करण्याच्या दृष्टीने तो चुलीपेक्षा श्रेयस्कर ठरतो. मात्र टाकी पुन्हा भरण्याचा खर्च न परवडल्यास कुटुंब चुलीकडे परतते.

संक्रमणाची दिशा : महाड औद्योगिक क्षेत्रातील रासायनिक कारखान्यांना विजेबरोबरच बाष्पाचीही गरज असते. तेथे उष्णतेची गळती थांबविणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. त्यानंतर शेतीतील टाकाऊ पदार्थांच्या विटांसारखी इंधने येतात. परंतु त्यांच्या नावाखाली जंगलतोड झाल्यास मूळ हेतूच विफल होतो. दिवसाची गरज सौर विजेने भागवून जलाशयांचे पाणी संध्याकाळच्या मागणीसाठी राखावे, हा व्यापक जाळ्यातील सोयीचा मार्ग आहे. भिरा येथे पाणी पुन्हा वर चढवून साठविण्याचीही व्यवस्था आहे. आपत्तीत हे जाळेच तुटते. त्यामुळे आरोग्य केंद्रे, शाळा व पाणीपुरवठा योजना यांना पूररेषेच्या वर बसविलेल्या सौर पट्टिका व विद्युत् घटमाला यांची जोड आवश्यक ठरते. कोळशाची बचत हे संक्रमणाचे एक माप झाले. उतारावरची झाडे टिकली का, कोळसा पाडणाऱ्यांना दुसरे काम मिळाले का आणि पुराच्या रात्री दवाखान्यात दिवा राहिला का, ही या खोऱ्यापुरती त्याची अधिक खरी मापे होत.