यंत्रमानव: जीव की मालमत्ता?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, बचतीच्या नोंदी झाल्या, पण कुणी उठेना. आदल्या रात्री टीव्हीवर रजनीकांतचा ‘रोबोट’ लागला होता. २०१० सालचा हा सिनेमा आपल्यातल्या बऱ्याच जणींनी पाहिला असेल. त्यातला चिट्टी नावाचा यंत्रमानव शेवटी कोर्टाच्या हुकमावरून स्वतःच्या हातांनी स्वतःचे भाग सुटे करतो. एक काकू म्हणाल्या, “यंत्रच ते. ज्यानं केलं त्यानं मोडलं, त्यात रडायचं काय?” शेजारी बसलेली त्यांची सून म्हणाली, “मग आत्याबाई, तुम्ही पदर डोळ्याला का लावला होता?” सगळ्या हसलो. पण प्रश्न मनात राहिला. विचार करणारं, बोलणारं यंत्र हा जीव आहे की कुणाची मालमत्ता? आज त्यावरच बोलू.

आधी ‘रोबो’ हा शब्द कुठून आला ते पाहू. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकानं १९२० साली एक नाटक लिहिलं. त्यात हा शब्द पहिल्यांदा आला. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ, जमीनदाराकडे सक्तीनं राबणं. नाटकातला कारखाना माणसासारखे दिसणारे कामकरी तयार करतो आणि विकतो. त्यांना सुखदुःख ठेवलेलं नाही, कारण त्यानं काम खोळंबतं. पण दुखतच नाही म्हणून ते स्वतःचे हातपाय मोडून घेतात. मग कारखान्यातला शास्त्रज्ञ त्यांना वेदना द्यायचं ठरवतो. ती वेदना त्यांच्या भल्यासाठी नसते. मालाचं नुकसान टळावं म्हणून असते. पुढे हे कामकरी बंड करतात.

आपल्या खान्देशात आखाजीला सालदार ठरतो. सालदार वर्षभराची मेहनत देतो, पण तो स्वतः कुणाच्या मालकीचा होत नाही. वर्ष संपलं की त्याला दुसरीकडे जाता येतं. कर्जापायी माणसाला बांधून ठेवणं १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं बंद केलं. मेहनत घेणं वेगळं आणि माणसावर मालकी सांगणं वेगळं, हा फरक कायद्यात लिहावा लागला. यंत्रमानवाच्या गोष्टी याच फरकाभोवती फिरतात.

आता आपल्या गोठ्यात चला. पोळ्याला आपण बैलाला सजवतो, ओवाळतो, पुरणपोळी खाऊ घालतो. तोच बैल बाजारात विकलाही जातो. म्हणजे बैल जीव आहे आणि मालमत्ताही आहे. पण मालक झाला म्हणून त्याला बैलाचे हाल करता येत नाहीत. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये असा कायदा १९६० सालापासून आहे.

याच्या उलटही पाहा. देवस्थानाची जमीन देवाच्या नावावर असते, कारण आपला कायदा मूर्तीला मालमत्ता धारण करणारी ‘व्यक्ती’ मानतो. कंपनीही कायद्याच्या नजरेत व्यक्तीच. पण कंपनीला ना भूक लागते, ना ठेच.

म्हणून या विषयात तीन प्रश्न वेगवेगळे विचारायचे. त्याला दुखतं का? ते कुणाच्या मालकीचं आहे? आणि त्याच्या हातून काही बिघडलं तर जबाबदार कोण? एकाचं उत्तर मिळालं म्हणजे बाकीच्यांचं मिळालं असं नाही.

अमेरिकेतल्या ‘स्टार ट्रेक’ या मालिकेत १९८९ साली यावर एक भाग आला. त्यात डेटा नावाचा यंत्रमानव जहाजावरचा अधिकारी आहे. एक शास्त्रज्ञ म्हणतो, याला सुटा करून आत काय आहे ते पाहू द्या. डेटा नकार देतो. मग सुनावणी होते: डेटा ही मालमत्ता आहे का? न्यायाधीश बाई म्हणते की याला आत्मा आहे की नाही हे मला सांगता येत नाही. पण तो मालमत्ता नाही, आणि स्वतःचा निर्णय घ्यायची मोकळीक त्याला मिळायला हवी.

आपल्या मराठीतही ही गोष्ट आली आहे. शास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत वामन हा यंत्रमानव आहे. पण तिथे काळजी दुसरी आहे. अशा यंत्राला स्वतःसारखी आणखी यंत्रं घडवता आली तर माणसाचं काय होईल? बळीची कथा आपल्याला ठाऊकच आहे. वामनाला तीन पावलं जागा दिली तेव्हा ती फार वाटली नव्हती.

आपण बायकांनी या प्रश्नाकडे जरा जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. १८८४ साली मुंबईत रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्यानं दावा लावला. लग्न लहानपणी झालेलं, आणि त्यांना नांदायला जायचं नव्हतं. १८८७ साली कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. पुढे तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. तिच्यावर हक्क कुणाचा, हे आधी विचारलं गेलं. तिला काय वाटतं, हे नंतर. पण रखमाबाई स्वतःचं म्हणणं स्वतः सांगत होत्या, आणि ते खरं होतं यात शंका नव्हती. यंत्र बोललं तर तसंच मानायचं का?

सोफिया नावाच्या यंत्रबाईचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियानं तिला नागरिकत्व जाहीर केलं. त्या देशातल्या बायकांना गाडी चालवायची परवानगी जून २०१८ मध्ये मिळाली. डिसेंबर २०१७ मध्ये सोफिया मुंबईच्या आयआयटीत आली, तीही साडी नेसून, आणि लोकांशी बोलली. पण तिचं बोलणं माणसांनी आत भरलेल्या प्रोग्रॅममधून येतं. आपल्या मोबाईलमधलं बोलणारं यंत्रही माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून वाक्यं जुळवायला शिकलेलं असतं. “मला वाईट वाटलं” असं ते म्हणालं, तर तेवढ्यानं त्याला वाईट वाटलं हे सिद्ध होत नाही. आतून काही जाणवतं का, हे ठरवायची सर्वमान्य कसोटी शास्त्रज्ञांकडे अजून नाही.

यंत्राशी प्रेमानं बोलण्यात गैर काही नाही. आपल्या बहिणाबाई चौधरी घरोटाशी बोलत, त्यांच्या गाण्यांत ते आहे. आपणही जात्याला हळदकुंकू लावतो. पण दळण बिघडलं तर जात्याला दोष देत नाही, टाकी कुणी लावली ते पाहतो.

तिसरा प्रश्न इथे कामाला येतो. एकदा मी रेशन घ्यायला गेले. केळीच्या बागेत काम करून बोटं चिकानं काळी पडलेली, अंगठा उमटेना. उत्तर मिळालं, “मशीन घेत नाही, आम्ही काय करणार?” मी रिकामी पिशवी घेऊन परत आले. वाटेत वाटलं, मशीननं तर काहीच ठरवलेलं नाही. ते कुणीतरी बसवलं, नियम कुणीतरी केला. युरोपच्या संसदेनं २०१७ साली हुशार यंत्रांना पुढेमागे कायद्यानं ‘व्यक्ती’ ठरवता येईल का, याचा विचार करायला सुचवलं, तेव्हा १५०हून जास्त जाणकारांनी विरोध केला. यंत्रच जबाबदार ठरलं तर ते बनवणारे आणि विकणारे मोकळे सुटतील, ही त्यांची भीती होती.

म्हणून मला असं वाटतं. आजची यंत्रं ही मालमत्ताच समजावी, आणि त्यांच्या प्रत्येक कामाला एक माणूस जबाबदार धरावा. पण उद्या एखाद्या यंत्राला खरंच दुखतं असं कळलं, तर ‘ते माझ्या मालकीचं आहे’ हे उत्तर पुरणार नाही. बैलाच्या बाबतीतही ते पुरलं नाही.

पुढच्या बैठकीत हे तीन प्रश्न मांडून पाहा. आणि कुणी म्हणालं, “मशीननं नाही म्हटलं,” तर नम्रपणे विचारा, “ते ठरवलं कुणी? त्यांचं नाव सांगा.”

बरं, येते. भेटू पुढच्या वेळी.