आकड्यांची वही कशी राखावी?

समजा, हट्ट्याच्या शाळेतील एका वर्गाने रोज पाऊस मोजून वहीत लिहिले : १२, ०, ३७ मिलिमीटर. पण तारखा लिहिल्या नाहीत. मग ते शून्य कोणत्या दिवसाचे? त्या दिवशी पाऊस पडलाच नाही, की पर्जन्यमापक कलंडला होता? पुढे कोणालाच सांगता येणार नाही. मेहनत वाया!

हीच काळजी मोठमोठ्या संशोधकांनाही असते. हट्टा ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारण्यास एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. अमेरिकेत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथे अशा वेधशाळा आहेत. तेथील मुख्य नोंद सेकंदाला १६,३८४ वेळा होते. म्हणजे दिवसाला १४१ कोटींहून अधिक आकडे!

हा पसारा सांभाळण्याचे काही नियम आहेत. पहिला, प्रत्येक आकड्याला अचूक वेळ जोडायची. १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच टिपलेली लहर लिव्हिंग्स्टननंतर सुमारे ७ सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला पोहोचली. घड्याळे जुळलेली नसती, तर दोन्हीकडची लहर एकच, हे कसे ठरले असते?

दुसरा, भोवतालची परिस्थितीही नोंदवायची. भूकंप, वारा, वाहने यांची थरथर टिपणारी वेगळी उपकरणे तेथे असतात. त्यांच्या नोंदी नसतील, तर रस्त्यावरचा ट्रकही आकाशातील पाहुणा ठरायचा!

तिसरा, मूळ नोंदींत खाडाखोड करायची नाही. गाळणी लावायची ती प्रतीवर. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील संजीव धुरंधर यांनी सहकाऱ्यांसह गोंगाटात दडलेला संकेत शोधण्याच्या रीती घडवण्यात मोठा वाटा उचलला. अशा रीती सुधारत जातात, तसतशा जुन्या नोंदी पुन्हा तपासता येतात. मात्र मूळ नोंदी शाबूत हव्यात.

चौथा, नोंदी इतरांना तपासू द्यायच्या. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला, तेव्हाच त्या क्षणाभोवतीच्या नोंदीही खुल्या करण्यात आल्या. २०१७ मध्ये कोपनहेगनच्या काही शास्त्रज्ञांनी त्याच नोंदी तपासून शंका उपस्थित केल्या. मग इतर गटांनी स्वतंत्र पडताळणी केली आणि संकेत खरा ठरला. नोंदी कुलपात असत्या, तर ना शंका घेता आली असती, ना तिचे निरसन झाले असते.

तेव्हा तुमच्या प्रयोगवहीतही तारीख, वेळ, उपकरण व परिस्थिती लिहा. चुकलेला आकडा रबराने पुसू नका. एक रेघ मारून शेजारी कारण लिहा. एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि वही मित्राच्या हाती द्या. तुम्हाला काहीही न विचारता त्याला सारे समजले, तर वही उत्तम!